धोंडीबाईची घंटी

दिवस कलला की धोंडीबाई गाठोडं बांधायला बसायची. गाठोड्यात काय, तर एक विटकी चोळी, लाकडी फणी आणि चुलीपुढून उचललेलं एखादं जळण. ते काखेत मारून ओटीवर यायची आणि सुनेला विचारायची, "बारके, निघायचं ना गो? दिस बुडला तर बय वाट बघंल."

बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण. ती मरून वीस वर्षं झाली होती. बय, म्हणजे आई, त्याच्याही कितीतरी आधी गेली होती. समोर उभी असायची ती सून, भिमी. सुरुवातीला भिमी सांगून बघायची, "आत्या, मी भिमी. बारकी नाय." मग म्हातारी तिच्याकडे अशी बघायची, की कुणी परकी बाई घरात शिरून खोटं बोलते आहे. शेवटी भिमीनं बारकी व्हायचं पत्करलं. "आज पाऊस हाय. उद्या जाऊ," ती म्हणायची. उद्यापर्यंत म्हातारीच्या काही ध्यानात राहायचं नाही, तेवढीच सोय होती.

म्हातारीचं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याला, तीन कोसांवर. उघडीप असली की ओटीवरून गड दिसायचा. ढगात असला तरी धोंडीबाईचं तोंड बरोबर तिकडेच असायचं. ज्या बाईला जेवलो की नाही हे आठवत नव्हतं, तिला माहेरची दिशा कधी चुकली नाही. बायकांचं हे असंच असतं. भिमीचं स्वतःचं माहेर पार किन्हवलीकडे होतं. पण तिच्या माहेराचा विषय त्या घरात आताशा निघत नसे. म्हातारीला टाकून जाणार कशी? घरात माणसं तीनच. भिमी, तिचा नवरा कुंडलिक आणि ही म्हातारी. मूल झालं होतं, ते देवीच्या साथीत गेलं.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. या घरात सासूचे चार दिवस संपले होते, पण सुनेचे सुरू व्हायचं नाव नव्हतं.

जर्मनची दुसरी लढाई सुरू झाल्याला तो दुसरा पावसाळा. उन्हाळ्यात कुंडलिकानं आईला गाडीत घालून मुरबाडला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं म्हातारीचे डोळे बघितले, गुडघे दाबले, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "हा वयाचा आजार आहे. मऊ खायला घाला, पडू देऊ नका आणि एकटी सोडू नका." औषध उत्तम होतं. फक्त एकटी न सोडणारं माणूस कुठल्या बाटलीत मिळतं, ते त्यानं सांगितलं नाही.

आवणी लागली आणि पंचाईत झाली. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, एकट्यादुकट्याचं काम नव्हे. गावात सावड होती. आज सगळ्या बाया हिच्या खाचरात, उद्या तिच्या. ज्या घरची बाई दुसऱ्याच्या चिखलात उभी राहत नाही, त्या घरच्या चिखलात कुणी पाय घालत नाही. रोप तर थांबत नाही. दिवस उलटले की त्याला गाठी धरतात, मग लावलं काय आणि न लावलं काय. भिमी गेली नसती तर वर्षाचं भात गेलं असतं.

म्हणून ती जायची. म्हातारीला पेज भरवायची, दाराला बाहेरून अडसर लावायची आणि दुसऱ्याच्या खाचरात जाऊन वाकायची. एकदा दुपारी आली, तर धोंडीबाई चुलीतला निखारा पदरात घेऊन बसली होती. "पोराला ऊब देतंय," म्हणाली. लुगड्याला वीतभर भोक पडलं, मांडीला फोड आला. त्यानंतर भिमीनं घरात कोंडणं सोडलं. दार उघडं राहिलं आणि म्हातारी दोनदा विहिरीच्या काठावरून परत आणावी लागली.

तेव्हा भिमीला खुंटीवरची घंटी दिसली. त्यांच्या चंदरी गाईची. गाय चैत्रात मेली, घंटी राहिली. भिमीनं ती सुंभात ओवली आणि म्हातारीच्या कमरेला मागच्या बाजूनं बांधली, जिथं तिचा हात पोचायचा नाही. गळ्यात बांधवेना. गळ्यात बांधली असती तर सरळ ढोर झालं असतं. कमरेला बांधली म्हणून माणूस राहिली, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी कुंडलिक औत सोडून आला. ओटीवर आई उठली तशी घंटी वाजली. तो जागीच उभा राहिला.

"माज्या आयेला ढोर केलीस?"

"मंग तुमी सांभाळा. मी औत धरतंय."

बाईनं औत धरायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. पाय धुवून तो आत गेला. घंटी तशीच राहिली.

गावात व्हायचं ते झालं. विहिरीवर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "भिमे, तुजी सासू चरून आली का गो?" हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून भिमी हंडा उचलून निघून यायची. पण वाटेत तिचे डोळे भरायचे. ही तीच सासू, जिनं भिमीचं पोर गेलं तेव्हा तिला महिनाभर पाण्यात हात घालू दिला नव्हता. स्वतः दळायची, स्वतः लिंपायची. शेजारणीनं काही बोलायला तोंड उघडलं, तर तिलाच चार शब्द सुनावायची. अशा बाईच्या कमरेला घंटी. ज्याचं जळतं त्याला कळतं.

घंटीचा उपयोग मात्र झाला. घराजवळच्या खाचरात असली की भिमीचा एक कान तिकडे असायचा. कुंपणाबाहेर आवाज आला की हातातली रोपांची मूठ टाकून ती पळायची. पंधरा दिवसांत आठ वेळा तिनं म्हातारीला वाटेवरून वळवून आणलं. दूरच्या खाचरात जायचं असलं, तर शेजारच्या एका लंगड्या म्हाताऱ्याला कान ठेवायला सांगायची.

मग तिच्या स्वतःच्या आवणीचा दिवस आला. खाचर घराच्या खालच्या अंगालाच. सावडीच्या नऊ बाया आल्या. त्यांची पुढारीण गुणाबाई. तोंडाची तिखट, हाताची चपळ आणि सावडीत तिचा शब्द शेवटचा. कुंडलिक वरच्या खाचरात चिखलणी करत होता. पाऊस असा लागला होता, की इरल्यावर त्याचा नुसता ताशा वाजत होता. बाया ओणव्या होऊन मागं मागं सरत रोप लावत होत्या. पाठीवर इरलं, डोळ्यापुढं चिखल आणि स्वतःचे हात. दुसरं काही दिसत नाही.

त्यात गावातल्या देवजीच्या मोकाट गाईनं परवापासून वात आणला होता. तिच्याही गळ्यात घंटी होती. बांधावर ठेवलेल्या रोपाच्या मुठी ती ओढून खायची. भिमीच्या दोन मुठी तिनं संपवल्या होत्या. रोप आधीच कमी.

न्याहारी होऊन थोडा वेळ झाला असेल. बांधावर घंटी वाजली. अगदी जवळ, पाठीमागं.

"आली बघ देवजीची," कुणीतरी म्हणालं.

भिमीनं मान वर केली नाही. "हैक! हैक! मर तिकडं!" ती ओरडली. खालचा चिखलाचा गोळा उचलला आणि न बघता, खांद्यावरून मागं भिरकावला. धप्प आवाज झाला. घंटी थांबली. मग पुन्हा वाजली, जरा लांब, आणखी लांब, ओढ्याच्या अंगाला.

"लागला वाटतं," गुणाबाई हसली.

"लागू दे. भरल्या पोटाची मस्ती," भिमी म्हणाली आणि पुढची काडी चिखलात रोवली. रोप वाचलं म्हणून तिला बरंच वाटलं.

दुपारी ती पेज द्यायला घरी गेली. ओटी रिकामी. माजघर रिकामं. मागं परसात नाही, विहिरीवर नाही. ती खाली पळत आली, तर देवजी बांधावरून चालला होता.

"देवजीदादा, तुजी गाय कुटं हाय?"

"गोठ्यात. काल तू शिव्या घातल्यास ना? सकाळपासना बांधून ठेवलीय."

भिमी मटकन बांधावरच बसली. सगळ्या बाया उभ्या राहिल्या. कुणी काही सांगायची गरज नव्हती. नऊही जणींनी ती घंटी ऐकली होती आणि एकीनंही मान वर केली नव्हती. विहिरीवर हसणाऱ्या दोघी त्यात होत्या. त्या आता खाली बघत होत्या.

"मी मारलंय गो तिला," भिमी म्हणाली. "मी हाकललं."

गुणाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "उठ. रडाया मागनं येळ हाय. कुंडलिकाला घे आन जा. रोप आमी लावतो."

"उद्या तुजी आवणी हाय, गुणामावशी. मी नाय आले तर..."

"तर काय? म्हातारीला सांभाळायचा दिवस सावडीतच धरायचा. हे आमी आदीच बोलायला पायजे व्हतं." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "का गो? कुणाच्या घरात म्हातारं नाय? का कुणी म्हातारी व्हणारच नाय?"

कुणी नाही म्हटलं नाही.

कुठं शोधायचं हा प्रश्न नव्हताच. गड ढगात होता, पण दोघांनी सरळ तिकडचीच वाट धरली. ओढा तुडुंब होता. कुंडलिक आधी उतरला. छातीएवढं पाणी. त्याच्या काठीला धरून मागून भिमी आली. पलीकडे आल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "हितनं ती कशी गेली आसल?"

"सकाळी पाणी कमी आसल," भिमी म्हणाली. दुसरं काही मनात येऊ द्यायचं नव्हतं.

ती वाटभर हाका मारत होती. आधी "आत्या" म्हणून मारल्या. मग तिच्या ध्यानात आलं, की या हाकेला म्हातारी ओ देणार नाही. मग तिनं आत्यालाच बारकीसारखी हाक मारायला सुरुवात केली. "बाय! ए धोंडूबाय! थांब गो, मी आले!" कुंडलिकानं मान फिरवली. आपल्या आईला कुणी धोंडूबाय म्हणून हाक मारलेली त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

दीड कोसावर रानाच्या कडेला एक झोपडी होती. तिथं गोमा म्हणून एक जण आणि त्याची बायको राहायचे. झोपडीतून धूर येत होता. दारात गोमा उभा होता, जणू वाटच बघत होता.

"तुमची म्हातारी ना?" तो म्हणाला. "हाय आत."

कुंडलिक वाकून दारातून आत बघायला लागला.

"घंटी ऐकली," गोमा सांगू लागला. "बोललू, कोणाचं ढोर चुकलंय बघावं. इकडं बिबट्या फिरतो. जाऊन बघतो तर ही. पान्यात पाय सोडून बसलेली."

त्यानं जाऊन बघितलं होतं. एवढंच तर करायचं होतं. मान वर करून बघायचं.

धोंडीबाई चुलीपुढं बसली होती. अंगावर गोमाच्या बायकोचं कोरडं लुगडं, हातात नाचणीच्या आंबिलीची वाटी. पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, एका पायाचा अंगठा फुटलेला. चोळी तेवढी तिनं काढू दिली नव्हती. त्या चोळीच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, पावसानंही न गेलेला चिखलाचा मोठा डाग होता.

भिमी मागं जाऊन बसली. पहिल्यांदा तिनं कमरेचं सुंभ शोधलं, दातांनी तोडलं आणि घंटी गोमाच्या अंगणात लांब फेकून दिली. मग ओल्या फडक्यानं पाठ पुसायला लागली. चोळी जरा सरकवली तसं खाली निळं पडलेलं दिसलं. गोळ्यात खडा असला पाहिजे.

"हितं काय लागलं गो आजे?" गोमाच्या बायकोनं विचारलं.

"एका बाईनं मारलं," धोंडीबाई म्हणाली.

"कोण मेली सटवी? म्हाताऱ्या माणसाला मारायला हात कसा उचलला तिचा?"

भिमीचा हात थांबला. कुंडलिक खाली मान घालून बसला होता.

"तिचं तोंड नाय दिसलं. इरल्याखाली व्हती." म्हातारीनं आंबिलीचा घोट घेतला. "पर तिला कशाला शिव्या घालतेस? रोपात ढोर शिरलं तर हाकलायचंच. मी आसते तर मीबी हाकललं आसतं."

भिमीला हुंदका आवरला नाही. म्हातारीनं मागं वळून बघितलं. "बारके, रडतेस कशाला? आता आलंच की घर."

रात्र तिथंच काढली. पहाटे पाऊस थांबला. कुंडलिकानं गोमाकडून एक बांबू आणि घोंगडी मागून घेतली आणि डोली बांधली. दोघांनी खांद्याला घ्यायची.

"चल. दुपारपातुर घरला पोचू," तो म्हणाला.

"घरला नाय," भिमी म्हणाली. "म्हायेरी नेऊ तिला."

"येडी झालीस? तिकडं कोण हाय तिचं? मामा मेला, मामी मेली. खाचर अर्धं पडलंय."

"खाचर गुणामावशी बघंल. दीड कोस ती तिच्या पायानं आली. र्‍हायलेला दीड कोस आपल्या पायानं नेऊ." मग ती जरा थांबली. "मी रोज तिला उद्या, उद्या करत फसवलं. आज तो उद्या हाय."

कुंडलिक गोमाकडे बघत राहिला. गोमा डोलीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तेव्हा प्रश्न मिटला.

चढाची वाट निसरडी होती. डोलीत धोंडीबाई हात बाहेर काढून चालली होती. वाटेवरच्या पानांना, कुड्याच्या झुडपांना, दगडांवरून झरणाऱ्या पाण्याला बोटं लावत होती. एका वळणावर म्हणाली, "हितं बय थांबायची." पुढं एका कातळाशी म्हणाली, "हितं बारकी पडली व्हती. गुडगा फुटला." आणि डोलीबरोबर चालणाऱ्या भिमीच्या गुडघ्याकडे बघितलं. गेल्या दोन वर्षांत एवढं सरळ बोलताना भिमीनं तिला ऐकलं नव्हतं. भिमीला वाटलं, आता माहेर बघितलं की म्हातारी शांत होईल. कदाचित बरीच होईल. माणूस काय काय आशा करतं.

माहेरच्या घरात आता भावाचा नातू राहत होता. रामू नाव. त्यानं धोंडीबाईचं नाव ऐकलं होतं, तोंड कधी बघितलं नव्हतं. पण पोरगा मायेचा. त्यानं घोंगडी अंथरली, बायकोला गुळाचा चहा करायला सांगितलं आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "दादासारका दिसतो."

मग उठून घरभर फिरली. भिमीनं तिचा हात धरला होता. चूल दुसऱ्या भिंतीला गेली होती, तिथं ती थबकली. जात्याच्या जागी कणगी होती. तिनं कणगीला हात लावला, मधल्या खांबाला लावला. मागच्या दारात उभी राहून गडाकडे बघितलं. इथून तो इतका जवळ, की वर बघायला मान मोडावी. भात, वाल आणि जवळ्याची चटणी नीट जेवली. रामूच्या बायकोनं डोक्याला तेल लावून दिलं, ते लावून घेतलं. कुंडलिक खांबाला टेकून आईकडे बघत होता. त्याच्या तोंडावर किती दिवसांनी जरा बरं वाटल्याचं दिसलं.

दिवस कलायला लागला. धोंडीबाई उठली. तिनं इकडे तिकडे बघितलं, पदर सारखा केला आणि भिमीचा हात ओढला.

"बारके, चल. घरला जाऊ."

"हेच घर, बाय. तुजं म्हायेर. आलू ना आपन?"

"म्हायेर बघितलं. लय बरं वाटलं. आता माज्या घरला ने." तिचा आवाज रडवेला झाला. "भिमी एकलीच हाय. आवणीचे दिस. पान्यात उबी आसल."

कुंडलिकानं मान वर केली.

दोन वर्षांत ते नाव म्हातारीच्या तोंडून आलं नव्हतं. भिमीला वाटलं, आताच तिला धरावं आणि सांगावं, आत्या, मीच ती, बघ नीट. पण सांगून काय होतं ते तिला माहीत होतं. ती पुन्हा परकी झाली असती.

"भिमी कोण गो?" तिनं विचारलं.

"माजी सून. तुला नाय म्हायीत?" धोंडीबाई जवळ सरकली. घरातल्यांनी ऐकू नये म्हणून आवाज हळू केला. "तिचं पोर गेलं गो. तवापासना म्हायेरी गेली नाय ती. कुणी धाडलीच नाय. मला कुंडलिकाला सांगायचं व्हतं, पर माज्या ध्यानात र्‍हात नाय. तू सांगशील? त्याला बोल, किन्हवलीला पोचव तिला. चार दिस. मी र्‍हाईन एकटी."

"सांगीन," भिमी म्हणाली.

"इसरू नको हां."

"नाय इसरणार."

रामू थांबा म्हणत होता, गोमाही सकाळी निघू म्हणत होता. कुंडलिक उठला आणि डोलीच्या गाठी आवळायला लागला. दोन गाठी त्याला पुन्हा बांधाव्या लागल्या, कारण त्याला नीट दिसत नव्हतं. मग त्यानं आईला उचलून डोलीत बसवलं, बांबू खांद्यावर घेतला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "गुणामावशीला इचारतो. आवणी आटपली की आयेजवळ चार दिस कोण बसंल ते."